लिनक्स प्रशासन व शेल स्क्रिप्टिंग: कोल्हापुरात प्रात्यक्षिक प्रशिक्षण कसे निवडावे?

शिरोलीकर:
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत मी संगणक विभाग सांभाळतो. आमचा फाइल सर्व्हर लवकरच डेबियन या लिनक्स प्रणालीवर जाणार असून त्याची जबाबदारी माझ्याकडे येणार आहे. राजारामपुरीत काही क्लासमध्ये चौकशी केली, पण सगळीकडे युजर, परवानग्या, नेटवर्क आणि शेवटी थोडे स्क्रिप्टिंग (आज्ञा फाइलमध्ये लिहून कामे आपोआप करून घेणे) अशी एकच यादी हातात पडते. निवड कशाच्या आधारे करावी आणि घरी सराव कसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सर्व्हररूम:
यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला रूट म्हणजे सर्वोच्च अधिकारांसह स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन (संगणकातील आभासी संगणक) मिळते का, तसेच ते बिघडवण्याची मुभा आहे का, एवढे प्रवेशापूर्वी विचारा. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही प्रशासकांसाठीची परीक्षासुद्धा पूर्णपणे प्रात्यक्षिक असते आणि तिथे केलेले बदल रीबूटनंतरही टिकावे लागतात. नुसत्या स्लाइड पाहून ही सवय लागत नाही.

घरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (आभासी मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) डेबियन टाका, स्नॅपशॉट म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद घ्या आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेली फाइल) एखाद्या डेटा डिस्कचा यूयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक मुद्दाम चुकवून रीबूट करा. सिस्टिमडी हा प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम त्या डिस्कची साधारण दीड मिनिट वाट पाहील आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, थांबेल. तिथून फाइल दुरुस्त करून, 'माउंट -ए' ही त्या यादीतील डिस्क माउंट करणारी, म्हणजे जोडणारी, आज्ञा बिनचूक चालते हे पाहून मगच पुन्हा रीबूट करा. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेले असले, की प्रत्यक्ष सर्व्हर अडकल्यावर हात कापत नाहीत.

रात्रपाळी:
वरील मताशी सहमत आहे. स्क्रिप्टिंगबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण क्लासमध्ये ते शेवटच्या आठवड्यात उरकले जाते. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सेवा) बंद पडते, याचे नेहमीचे कारण असे, की क्रॉन आपल्या लॉगिनच्या सेटिंग वाचत नाही आणि त्याचा पाथ, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांची यादी, अगदी तोकडा असतो. शिवाय डेबियनमध्ये 'एसएच' म्हणजे बॅश हे नेहमीचे शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) नसून डॅश हे साधे शेल असते, त्यामुळे पहिल्या ओळीत बॅशचा स्पष्ट उल्लेख हवा. व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) नेहमी दुहेरी अवतरणात लिहा, नाहीतर 'जुलै बिले' या नावाच्या फोल्डरचे दोन शब्द होतात.

सर्वांत जास्त काळजी बॅकअपची घ्या. मूळ डिस्क माउंट झालेली नसताना आर-सिंक हे फाइलींची प्रत ठेवणारे साधन 'डिलीट' पर्यायासह (मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढणारा) चालले, तर ते रिकामे फोल्डर पाहून बॅकअपमधील फाइलीही पुसून टाकते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट' आज्ञेने डिस्क जागेवर आहे का ते तपासा आणि नसेल तर तिथेच थांबा.

शिरोलीकर:
मनःपूर्वक आभार. सकाळच्या शिफ्टमुळे रोज क्लास जमणार नाही. मराठीतून काही उपलब्ध आहे का?

सर्व्हररूम:
आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅश या दोन्हींचे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात विनामूल्य मिळतात. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर टर्मिनल ठेवून प्रत्येक आज्ञा स्वतः टाइप करा. सर्व्हर ताब्यात घेण्याआधी एकदा बॅकअपमधून संपूर्ण फोल्डर दुसऱ्या मशीनवर परत आणून पाहा, आणि फाइलींचे मालक व परवानग्या जशाच्या तशा आल्या आहेत का, हेही तपासा.