गुहागर ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने, एका दिवसात: जमतं की नुसती पळापळ?

तिसरा गियर

कोकणाचा विषय निघाला की "एका दिवसात दोनच ठिकाणं बघा, निवांत राहा" असा सल्ला कोणीतरी देतंच. सुट्टी आठवड्याची असेल तर ठीक. शनिवार-रविवारला एक रजा जोडून येणाऱ्याने काय करायचं? माझं म्हणणं, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरीबोट, जयगड किल्ला, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरीत मुक्काम, एवढं एका दिवसात व्यवस्थित होतं. फक्त दिवस उलटा आखावा लागतो. आधी सूर्यास्त कुठे बघायचा ते ठरवायचं, त्यावरून बोट कधी गाठायची ते, आणि देवळं नि जेवण मधल्या फटींत बसवायचं. बहुतेक लोक सकाळच्या नाश्त्यापासून आखायला लागतात आणि संध्याकाळी फसतात.

डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारचा हिशेब मांडतो. सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांनी.

७.०० गुहागरातलं व्याडेश्वराचं देऊळ. ७.३० ला गुहागर सोडायचं, पालशेतवरून ८.२० ला वेळणेश्वर. तिथे पाऊण तास. ९.३० ला हेदवीचा दशभुजा गणपती (गाडी वरपर्यंत जाते), मग खाली बामणघळ, ११.१५ पर्यंत. १२.०० ला तवसाळ जेट्टी. बोटीत प्रत्यक्ष वेळ दहा-पंधरा मिनिटंच जातो, पण फेऱ्या पाऊण-एक तासाच्या अंतराने असतात, म्हणून पलीकडे १.०० धरायचा. जयगड किल्ला २.०० पर्यंत. मालगुंड किंवा गणपतीपुळ्यात जेवण, ३.३० पासून दर्शन आणि डोंगराची प्रदक्षिणा, पावणेपाचला बाहेर. ५.१५ ला आरे-वारे. सूर्यास्त तिथे. ७.०० ला रत्नागिरी.

एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. ह्यात अशक्य काय आहे?

सुकती

अशक्य काहीच नाही. पण तुम्ही बामणघळीसमोर ११.१५ लिहून मोकळे झालात आणि भरतीचा उल्लेखही नाही. बामणघळ म्हणजे खडकातली लांब चिंचोळी भेग. भरतीच्या लाटा आत कोंडल्या की पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर खाली डबकं आणि कोरडा खडक बघून परत यायचं. म्हणजे सगळा दिवस ज्या ठिकाणावर टांगलाय ते तिथीवर चालतं, वारावर नाही.

जुना हिशेब माहीत नसलेल्यांसाठी: तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा ठोकताळा मुंबईकडचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाणी त्याच्या थोडं आधी चढतं, तेव्हा पाऊण तास वजा करा. तरी अर्धा तास इकडेतिकडे होतोच. छापील भरती-ओहोटीचं कोष्टक मिळालं तर तेच वापरा, आणि ते कोणत्या बंदराचं आहे ते आधी वाचा. मुंबईचं कोष्टक घेऊन हेदवीला उभे राहणारे बरेच असतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकराच्या सुमारास येते, म्हणजे तुमचं वेळापत्रक बरोबर बसतं. अष्टमीला जाल तर अकरा-बाराला पाणी पार खाली गेलेलं असेल आणि दोन्ही भरत्या पहाटे आणि संध्याकाळी. शिवाय अष्टमीला भांग असतं, पाणी मुळात कमी चढतं. त्या दिवशी बामणघळ सरळ गाळा आणि तो तास करहाटेश्वराला द्या. जयगडच्या जवळच आहे, पायऱ्या उतरून समुद्राला लागून देऊळ, गोड्या पाण्याचा झरा.

आता दुसरी बाजू. उधाणाला घळ जितकी बघण्यासारखी तितकीच वाईट. पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस तर पाणी सर्वांत जोरात. उमामहेश्वराच्या देवळामागून खडकांवरून चालत जावं लागतं. ओल्या खडकावर शेवाळ असतं आणि लाटा सारख्या मापाच्या येत नाहीत. पाच-सहा बारक्या येतात, माणूस फोटोसाठी कडेला सरकतो, मग मोठी येते. खडक कोरडा आहे तिथून आणखी चार पावलं मागे उभं राहायचं. पावसाळ्यात तिकडे जाऊच नये.

चौथी सीट

> "ह्यात अशक्य काय आहे?"

गाडीत कोण बसलंय ते. दोघं तिशीतले असतील तर तुमचा तक्ता चालेल. आजी-आजोबा आणि एक सहा वर्षांचं पोर असेल तर प्रत्येक थांब्याला उतरणं, चपला, पाणी, टॉयलेट शोधणं, पुन्हा चढणं, ह्यात पंधरा मिनिटं जातात. तुमचे सात थांबे आहेत. म्हणजे पावणेदोन तास नुसते दार उघडण्यात गेले, आणि ते तक्त्यात कुठेच नाहीत.

दुसरं, जेवण. तुमच्या हिशेबाने लोक अडीचला ताटावर बसणार. ह्या पट्ट्यात घरगुती खाणावळी आयत्या वेळेला चार माणसांचं जेवण काढून देतीलच असं नाही. आदल्या रात्री फोन करून ताटं किती, शाकाहारी किती, मासे कोणते चालतील हे सांगून ठेवावं लागतं. मोदक हवे असतील तर हमखास. आणि फोनवर सांगितलेली वेळ बोट चुकल्यामुळे तासभर पुढे गेली की गार जेवण किंवा बंद दार.

माझा सल्ला: वेळणेश्वर किंवा हेदवी, दोन्हींतलं एकच. जयगड किल्ला गाळा, दुपारी एकच्या उन्हात तटावरून फिरण्यात काही मजा नाही.

तिसरा गियर

@सुकती, तिथीचं मान्य, ते मूळ आखणीतच यायला हवं: आधी तिथी, मग रजा.

@चौथी सीट, पंधरा मिनिटांचा हिशेब पटला, पण निष्कर्ष उलटा निघतो. वेळ थांब्यांवर जातो, रस्त्यावर नाही, तेव्हा थांबा गाळण्यापेक्षा गाडीतून न उतरता बघायचे आणि उतरून बघायचे असे दोन भाग करावेत. वेळणेश्वराला सगळ्यांनी उतरा. दशभुजा गणपतीला ज्यांना दर्शन हवं ते उतरतील. बामणघळीला ज्येष्ठांनी जाऊच नये, त्यांनी हेदवीच्या किनाऱ्यावर सावलीत बसावं. जयगड गाळायला मात्र माझा विरोध आहे. शास्त्री नदीची खाडी समुद्राला कशी मिळते ते तटावरून जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं बोटीतून दिसत नाही.

उजवा ब्लिंकर

सगळे दक्षिणेकडे का निघालेत? रत्नागिरीहून गुहागरकडे या. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे दिसलं, आवडलं, जागा बघून डावीकडे घेतलं. दक्षिणेकडे जाताना समुद्र समोरच्या लेनपलीकडे. आरे-वारेच्या घाटीत समोरून गाड्या येत असताना आडवं काढून उजवीकडे लावणारे आणि मग मागून हॉर्न, हा संध्याकाळचा नेहमीचा प्रकार.

उलट आखणीत आरे-वारे सकाळी ८ ला, उन्ह पाठीशी, पाण्याचा रंग खरा तेव्हाच दिसतो, आणि गर्दी नाही. गणपतीपुळ्याला साडेनऊपर्यंत. जयगड साडेअकरा. बोट साडेबाराच्या सुमारास. हेदवी-बामणघळ दुपारी तीन, म्हणजे वरच्या हिशेबाने पंचमीच्या आसपासची तिथी लागेल. सूर्यास्त वेळणेश्वरला, नारळीत. मुक्काम तिथेच किंवा गुहागरला.

सुकती

दिशेचा मुद्दा चांगला आहे. एकच अडचण, पंचमीचं पाणी पौर्णिमेइतकं चढत नाही. उधाण ओसरत आलेलं असतं. घळीत पाणी उसळेल, पण बेताचं. कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांसाठी तेच बरं म्हणा.

लाल डबा

गाडी नसलेल्यांचं काय? बोटीवर पायी माणसाला तिकीट मिळतं, अडचण दोन्ही जेट्ट्यांवरून पुढे जायची आहे. तवसाळला एसटी मोजक्याच. वडाप किंवा रिक्षा आधी सांगून ठेवल्याशिवाय हा एवढा पट्टा एका दिवसात होणार नाही. एसटीने जाणाऱ्याने गुहागर एक दिवस, गणपतीपुळे एक दिवस, असंच करावं. इथे मी "निवांत"वाल्यांच्या बाजूने.

जेट्टीवाला रस्ता

बोटीवर सगळे एक ओळ लिहून पुढे जातायत. खरी गडबड तिथेच होते, म्हणून सविस्तर.

पहिलं, नकाशा. मोबाइलच्या नकाशात "फेरी टाळा" चालू राहिलं असेल तर तो गुहागरहून थेट चिपळूण, महामार्ग, निवळी असा प्रचंड वळसा दाखवतो. बंद असेल तर बोटीने नेतो, पण थांबायचा वेळ त्यात धरलेला असेलच असं नाही. रात्री बोट बंद झाल्यावरही जेट्टीपर्यंत आणून सोडू शकतो. शेवटची फेरी कितीची ते त्याच दिवशी फोनवर विचारा. हवामान बिघडलं की फेऱ्या थांबतात.

दुसरं, रांग. रविवारी दुपारी तवसाळला गाड्या साचतात. एक टेम्पो ट्रॅव्हलर चढला की दोन गाड्यांची जागा गेली. दुचाक्या कडेने घुसवतात, त्यांची काळजी नाही. चारचाकीने रविवारी एक फेरी चुकणार असंच धरायचं.

तिसरं, उतार. पाणी भरलेलं असेल तर बोटीची फळी धक्क्याला जवळजवळ सपाट टेकते. ओहोटी पूर्ण लागली की फळी खाली जाते आणि धक्का नि फळी ह्यांच्यात कोन तयार होतो. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेतलेल्या सेडानचं पोट किंवा पुढचा बंपर नेमका तिथे घासतो. उपाय सोपा आहे. ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी आधी उतरायचं, चालत चढायचं, गाडी पहिल्या गियरमध्ये क्लच पूर्ण न सोडता रांगत न्यायची. खलाशी हात दाखवतो तसंच वळवायचं, स्वतःची अक्कल नंतर. धक्क्याचा खालचा भाग ओहोटीला उघडा पडतो आणि शेवाळाने निसरडा असतो, तिथे जोरात ब्रेक लावू नये. वर गेल्यावर हँडब्रेक, गियरमध्ये ठेवून इंजिन बंद.

चौथं, बोट नाहीच मिळाली तर चिपळूणला जायची गरज नाही. आबलोलीवरून भातगावचा पूल, मग जाकादेवी, मग गणपतीपुळे. रस्ता वळणांचा, अडीच तास धरून चाला. समुद्र दिसणार नाही, पण संध्याकाळ वाचेल. १२.४५ पर्यंत बोटीत बसायची चिन्हं नसतील तर मागे फिरायचं, हे आधीच ठरवून ठेवावं. दोन वाजेपर्यंत "आता येईल, आता येईल" करणारे आरे-वारेला अंधारात पोहोचतात.

पेट्रोल गुहागर किंवा शृंगारतळीतच भरून घ्या.

चौथी सीट

म्हणजे तुमच्या हिशेबानेच दिवसात एक तास शिल्लक ठेवायला हवा, आणि मूळ तक्त्यात तो नाही. माझं म्हणणं हेच होतं.

तिसरा गियर

आहे की. जेट्टीवर १२ ते १, आणि आरे-वारेला ५.१५ ते ६.०५. पहिला गेला तर दुसऱ्यातून भरून काढायचा. दोन्ही गेले तर प्रदक्षिणा सोडायची, तिला अर्धा तास लागतो.

वारे फाटा

प्रदक्षिणा सोडा म्हणणं सोपं आहे, दर्शनाच्या रांगेचं काय? संकष्टीला, त्यातून अंगारकी आली तर, गणपतीपुळ्यात साडेतीनला शिरून पावणेपाचला बाहेर पडणं विसरा. गाडी लावायलाच अर्धा तास. आणि वर ठरलंय की पौर्णिमेनंतरचे दिवस बामणघळीला चांगले. संकष्टी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी येते. म्हणजे भरतीसाठी तारीख दोन-तीन दिवस पुढे ढकलणारा बरोबर संकष्टीवर जाऊन आदळतो. पौर्णिमा, प्रतिपदा किंवा द्वितीया घ्या. अमावास्येकडचे दिवस घेतलेत तर हा प्रश्नच येत नाही.

गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहू नका, आरे-वारेतही नाही. दोन्हीकडे तळ अचानक खोल होतो आणि परतीचा ओढा जबर असतो. वेळ कमी आहे म्हणून "पाच मिनिटं पाय भिजवतो" म्हणणारेच गुडघ्यावरून कमरेपर्यंत कधी गेले ते त्यांना कळत नाही.

आणखी एक. आरे-वारे सूर्यास्तानंतर लगेच सोडायचं. बसणी, शिरगाववरून रत्नागिरी पंधराएक किलोमीटर, पण रस्ता अरुंद, दिवे थोडे, सगळ्या गाड्या एकाच वेळी सुटतात. सूर्य बुडायच्या दहा मिनिटं आधी गाडीचं तोंड रत्नागिरीकडे करून ठेवा.

उजवा ब्लिंकर

ह्यात थिबा राजवाडा कुठे बसवायचा?

वारे फाटा

त्या दिवशी कुठेच नाही. संध्याकाळी पाचला बंद होतो, सोमवारी बंदच. ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ साली पदच्युत करून इंग्रजांनी इकडे आणलं, हा राजवाडा १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी बांधला. घाईत उरकायची जागा नाही ती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला राजवाडा, मग टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थान, मग पावस.

लाल डबा

दुसऱ्या दिवशीचं एसटीने होतं. रत्नागिरी-पावस गाड्या भरपूर.

चौथी सीट

पौर्णिमेचा मंगळवार नाही मिळाला आणि रविवारच हाती असेल तर?

तिसरा गियर

मग गुहागर साडेसहाला सोडा, अंधार असतानाच. वेळणेश्वरला उजाडायला पोहोचाल. नाश्ता डब्यात. तवसाळला अकराच्या आत, रांग लागायच्या आधी. भरती अकराला असेल तर बामणघळ दहाला बघा, चढत्या पाण्यातही उसळी दिसते. जेवणाचा फोन मात्र शनिवारी दुपारीच करा, रात्री करून उपयोग नाही.