खासदाराने कसं मत दिलं, हे कुठे कळतं?

लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदारांची हजेरी, प्रश्न दिसतात. विधेयकांवरचं मत कुठे बघायचं?

▸ बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानेच मंजूर होतात, तिथे नावनिशी नोंद नसतेच. मतविभागणी (प्रत्येक सदस्याचं मत मोजून नोंदवणं) झाली असेल तर त्या तारखेचं कामकाजाचं इतिवृत्त उघडा. बाजू आणि विरोधाच्या नावांच्या याद्या असतात. सभागृहातल्या फलकावरचा आकडा धरू नका, कागदी चिठ्ठ्यांवर दिलेली मतं त्यात नंतर जोडली जातात.

▸ घटनादुरुस्तीला विभागणी होतेच. २०२३ चं महिला आरक्षण: ४५४ विरुद्ध २.

यादीत नावच नसेल तर?

▸ मत नोंदवलेलं नाही, एवढंच. आणि व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) होता का, ते आधी पाहा. तो मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदी कायदा) खासदारकी जाऊ शकते. मग ते मत खासदाराचं कमी, पक्षाचंच जास्त!