मदत हवी आहे: जेष्ठमधानं बीपी वाढतं का? वडिलांचं पोटॅशियम २.६ आलंय, '११ बीटा एचएसडी २' ह्या एन्झाइमबद्दल कोणी सांगेल का

मंडळी, पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या.

आमचे बापू, वय ६१, गाव परभणी जिल्ह्यात. शेती आहे पण खरा जीव गाण्यात, सप्त्यात कीर्तनकाराच्या मागं गायला उभे राहतात, पंचक्रोशीत कुठं सप्ता बसला की बोलावणं येतंच. मार्गशीर्षात लागोपाठ तीन सप्ते झाले, पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत गाऊन गळा बसायला लागला म्हणून जेष्ठमध सुरू केलं. सुरू केलं म्हणजे काय, एखादी कांडी तोंडात पहिल्यापासून असतीच, पण ह्या वेळेस लई वाढलं. दिवसभर गालात कांडी आणि वरून सकाळ-संध्याकाळ आईच्या हातचा काढा. चावून चावून कांडीचं टोक ब्रशासारखं होतं, तसल्या कांड्या आमच्या घरात खिडकीत, देवळीत, ट्रॅक्टरवर, कुठंबी सापडतात.

पौषात पायाचं दुखणं निघालं. मांडी घालून बसले की उठता येईना, पेटीला धरून उठायले. पिंडऱ्यात गोळे. आम्हाला वाटलं थंडी आहे, वय आहे. तालुक्याला दाखवलं तर बीपी १८६/१०४! आजवर १३० च्या वर कधी गेलं नव्हतं. गोळी दिली, आठ दिवसांत फरक नाही म्हणून दुसरी दिली, तिच्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध होतं, आणि त्यानंतर चार दिवसांत बापू असे गळाले की ताटातली भाकर मोडायला हातात जोर नव्हता. मग रक्त तपासलं तर पोटॅशियम २.६. नॉर्मल ३.५ च्या वर पाहिजे म्हणे. ईसीजीत पण फरक. रातोरात संभाजीनगरला नेलं, तीन दिवस सलाईनमधून पोटॅशियम दिलं. दुसरी गोळी लिहायच्या आधी ही तपासणी केली असती तर एवढी पळापळ झाली नसती, पण असो.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, जेष्ठमध खाता का? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायलो. नंतर हार्मोनचे रिपोर्ट आले, आल्डोस्टेरॉन कमी, रेनिन पण कमी, कॉर्टिसोल नॉर्मल. त्यांनी चिठ्ठीच्या मागं '११ बीटा एचएसडी २' लिहिलं, म्हणले हे एन्झाइम बंद पडलंय, जेष्ठमध बंद, स्पायरोनोलॅक्टोनची (पोटॅशियम धरून ठेवणारी) गोळी आणि पोटॅशियमचं सिरप चालू, पंधरा दिवसांनी या. आणि विचारलं की ह्यांचे आईवडील नात्यातले होते का. होते, आज्यानं सख्ख्या मामाची पोरगी केली होती. बाहेर पेशंटची ही रांग, पुढचं काही विचारायला जमलंच नाही.

आता डोक्यात एकच चाललंय, हे एन्झाइम जेष्ठमधानं बंद पडलं का जन्मापासूनच खराब आहे आणि मग आम्हा भावंडांतही असेल का, जीनची टेस्ट करावी का? कॉर्टिसोल नॉर्मल आहे तर मग त्रास कशाचा? आणि बापू म्हणायलेत, "आपल्या बापजाद्यांनी चघळलं, कुणाला काई झालं नाई." नाथषष्ठीला पैठणला दिंडीत पायी जायचंच म्हणतात, एक महिना राहिलाय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद

मी लातूरला बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

हे एन्झाइम मुख्यतः किडनीत असतं, शिवाय मोठं आतडं, घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथी आणि गरोदरपणात वारेत. काम एकच, कॉर्टिसोलचं कॉर्टिसोन करायचं. कॉर्टिसोन इथं बिनकामाचं. आता किडनीत मीठ किती धरायचं आणि पोटॅशियम किती सोडायचं हे ठरवणारं जे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन बसायची जागा, आहे ते खरं तर आल्डोस्टेरॉनसाठी, पण गंमत अशी की कॉर्टिसोलही त्यात तितकंच घट्ट बसतं आणि रक्तात ते आल्डोस्टेरॉनच्या शंभर पटीनं तरी जास्त असतं. एसटीचं बघा ना, आल्डोस्टेरॉन म्हणजे रिझर्वेशनवाला एकटा पॅसेंजर आणि कॉर्टिसोल म्हणजे जत्रेची गर्दी. कंडक्टर दारात उभा राहून गर्दी खाली उतरवतो म्हणून त्या एकट्याला सीट मिळते. जेष्ठमधातलं ग्लायसिरायझिन पोटात गेल्यावर त्याचं जे ॲसिड बनतं ते ह्या कंडक्टरलाच गप्प बसवतं. मग सगळ्या सीटवर कॉर्टिसोल. किडनीला वाटतं आल्डोस्टेरॉनचा पूर आलाय, ती मीठ-पाणी धरून ठेवते, पोटॅशियम लघवीत सोडते, बीपी चढतं. शरीर बिचारं आपलं खरं रेनिन आणि आल्डोस्टेरॉन कमी करतं, म्हणून तुमचे दोन्ही रिपोर्ट खाली.

कॉर्टिसोल नॉर्मल कसं, तर ते किडनीत मोडलं जात नाही हे कळल्यावर मेंदूकडून ते बनवायचा हुकूमच कमी जातो, म्हणून रक्तातला आकडा बरोबर दिसतो. चोवीस तासांच्या लघवीत कॉर्टिसोल आणि कॉर्टिसोनचं प्रमाण काढलं तर चोरी सापडते.

जन्मजात प्रकार असतो. जीन सोळाव्या क्रोमोसोमवर, आईकडची आणि बापाकडची दोन्ही प्रत खराब असावी लागते, म्हणूनच डॉक्टरांनी नात्याचं विचारलं. पण तो बहुतेक लहानपणीच दिसतो, जन्मताना वजन कमी, वाढ नीट नाही, कोवळ्या वयात बीपी. साठीपर्यंत १३० बीपी असलेला माणूस त्यात बसत नाही. आधी जेष्ठमध बंद करून आकडे कुठं जातात ते बघा, मग टेस्टचं डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद

माझ्या आत्याचं हुबेहूब असंच झालतं. एक सांगतो, सिरप, स्पायरोनोलॅक्टोन, त्यात बीपीची टेलमिसार्टनवाली गोळी आणि वरून घरचे लोक प्रेमानं केळी नि शहाळं, हे सगळं एकदम झालं तर पोटॅशियम उलटं वर जातं, ते जास्त घातक. मनानं काही वाढवू नका, सांगितलेल्या तारखेला रक्त द्याच. आणि महिन्याला जेष्ठमध किती लागतं ते मोजलं का?

धागाकर्ता

धन्यवाद ताई, कंडक्टरचं बापूंना वाचून दाखवलं, पहिल्यांदाच शांत बसून ऐकलं. दादा तुम्ही म्हणलात म्हणून काट्यावर मोजलं. पाव किलोची पुडी बारा-तेरा दिवसांत संपते, म्हणजे दिवसाला वीस ग्रॅम.

आणि केळीचं तर काय सांगू, मामानं अर्धापूरहून अख्खा घड पाठवलाय. आता गल्लीत वाटायलोय.

प्रतिसाद (लातूर)

वीस ग्रॅम? मुळात ग्लायसिरायझिन कमी-जास्त असतं, पण अगदी तीन टक्के धरलं तरी ६०० मिलिग्रॅम होतं. युरोपात दिवसाला १०० च्या वर जाऊ नका असा सल्ला आहे. सगळंच अंगात उतरत नाही हे खरं, पण तरी. अमेरिकेचं औषध खातंही सांगतं की चाळिशीपुढच्या माणसानं काळं लिकरिस (जेष्ठमधाला इंग्रजीत लिकरिस म्हणतात) रोज दोन औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास, दोन आठवडे खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडून दवाखाना गाठावा लागू शकतो. ते तर नुसती गोळ्या-चॉकलेटसारखी मिठाई. बापजाद्यांनी चघळलं ते अधूनमधून, असं वीस ग्रॅम रोज नाही.

घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही देऊ नका. वारेतलं हेच एन्झाइम आईच्या कॉर्टिसोलपासून बाळाला जपतं.

धागाकर्ता

ताई, अंगावर काटा आला. बहीण बाळंतपणाला आलीय, सातवा चालू आहे, खोकला म्हणून आई तिला त्याच काढ्यातला अर्धा कप द्यायली होती. आज बंद केला, तिच्या डॉक्टरांनाही फोन करून सांगितलं.

धागाकर्ता, पंधरा दिवसांनी

रक्त दिलं, पोटॅशियम ३.१ च. एवढं सिरप पिऊन. डॉक्टर म्हणले असर दोन आठवडे राहू शकतो, कारण ते ॲसिड पित्तातून आतड्यात नि परत रक्तात फिरत राहतं, पण एवढं कमी कसं, अजून काहीतरी पोटात चाललंय. बापू देवाची शपथ घ्यायले की कांडीला हात लावला नाही. आणि खरंच लावला नव्हता! आईनं धुवायला म्हणून टाळांची पिशवी उलटी केली तर तिच्यातून एलादि वटीची बाटली पडली. गळ्यासाठी म्हणून दिवसभर चघळायले. मागं बारीक अक्षरात यष्टीमधु. बापूंना बिचाऱ्यांना यष्टीमधु म्हणजे जेष्ठमध हे माहीतच नव्हतं, मलाबी नव्हतं. मग घरातली सगळी चूर्णं, खोकल्याची औषधं काढली, दोन बाटल्यांवर तेच, एकीवर मुलेठी, एकीवर ग्लायसिरायझा. कोणाच्या घरी असा पेशंट असेल तर ही चारी नावं लिहून ठेवा.

धागाकर्ता, षष्ठीच्या चार दिवस आधी

पोटॅशियम ४.२, बीपी १३८/८४. सिरप बंद, स्पायरोनोलॅक्टोन अर्धी, महिन्यानं रेनिन परत बघू म्हणले. जीनची टेस्ट सध्या नको, बंद केल्यावर सगळं जाग्यावर आलं तर गरजच नाही असं त्यांचं म्हणणं. पायी दिंडीला मात्र नाही म्हणले, मग भांडून शेवटी एसटीनं पैठणला जायचं ठरलंय.

आता एकच अडलंय. गळ्याला काय द्यायचं? मिठाच्या गुळण्या, वाफ, खडीसाखर-लवंग सांगून बघितलं, म्हणतात त्यानं वरचा सूर मोकळा लागत नाही. कोणीतरी गुंजेचा पाला सुचवलाय, तो पण जेष्ठमधासारखाच गोड लागतो आणि गुंजेला इंग्रजीत इंडियन लिकरिसच म्हणतात हे वाचून मी तो बाजूला ठेवलाय. गाणाऱ्या मंडळींपैकी कोणी जेष्ठमधाशिवाय भागवत असेल तर दोन दिवसांत सांगा, शुक्रवारी निघायचंय.