आमवाताच्या रुग्णांसाठी दीड तासाचं शिबिर: काय शिकवावं, काय टाळावं?

शिबिर_संयोजक

12 ऑक्टोबरला, जागतिक संधिवात दिनी, आमच्या तालुक्याच्या गावी आमवाताच्या रुग्णांसाठी शिबिर घेतोय. साधारण 30 जण येतील, बहुतेक चाळिशी ते साठीच्या बायका. निम्म्याहून जास्त जणींना मेथोट्रेक्सेट (आमवाताची सूज आवरणारं मुख्य औषध) आणि फोलिक अ‍ॅसिड चालू आहे, काहींना सोबत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे दुसरं औषध. सात-आठ जणींना वाचता येत नाही. संधिवाततज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, त्यामुळे एरवी सल्ला मिळतो तो औषधाच्या दुकानातच.

सध्याचा आराखडा असा: 40 मिनिटं रोगाची माहिती, 20 मिनिटं आहार, 15 मिनिटं व्यायाम, उरलेला वेळ प्रश्नोत्तरं. एक लॅब सगळ्यांची आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी फुकट करून द्यायला तयार आहे, म्हणून गावातल्या इतर सांधेदुखीवाल्यांनाही, म्हणजे अजून 200 जणांना, बोलवावं असा विचार आहे. ह्यात काय बदलावं?

औषधपेटी

रोगाची माहिती दहा मिनिटांत आटपा. सांध्याच्या अस्तराला सूज येते, ती सूज हाड आणि कूर्चा खाते, औषध ती सूज थांबवतं आणि परिणाम दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. एवढं पुरे. वाचलेली 30 मिनिटं एकाच गोष्टीला द्या: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. ते रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं थांबतं आणि माणूस दगावू शकतो. शिबिरातून बाकी काहीही डोक्यात राहिलं नाही तरी चालेल, हे राहायलाच हवं.

चूक कुठे होते ते बघा. चिठ्ठीवर दोन गोळ्या असतात, एक आठवड्यातून एकदा आणि दुसरी इतर दिवशी. त्यात मेथोट्रेक्सेटचा एक प्रचलित ब्रँड फोलिट्रॅक्स आणि फोलिक अ‍ॅसिडचा फोलव्हाइट. दोन्ही नावं ‘फोल’नं सुरू होतात. अदलाबदल झाली की ताकदीची म्हणून रोज घेतली जाणारी गोळी मेथोट्रेक्सेट निघते.

दुसरी चूक आकड्याची. 15 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे 2.5 च्या सहा गोळ्या, 7.5 च्या दोन किंवा 15 ची एक. रुग्णाला ‘सहा गोळ्या’ पाठ असतात. दुकानात त्या दिवशी 2.5 ची नसली आणि 7.5 ची दिली गेली, तर सवयीनं सहा घेतल्यावर 45 मिलिग्रॅम पोटात जातात. म्हणून गोळ्यांची संख्या पाठ करून घेऊ नका, मिलिग्रॅम पाठ करून घ्या. आणि पाकीट वेगळं दिसलं की घरी नेण्याआधी दुकानातच विचारायचं, हेही सांगा.

प्रत्यक्षात असं करा. निरोप देतानाच सांगा की घरातली सगळी औषधं, रिकाम्या पट्ट्यांसकट, पिशवीत घालून आणा. घरात गोळ्या काढून देणारी सून, मुलगा किंवा नवरा असेल तर त्यांनाही बोलवा. शिबिरात एक टेबल फक्त ह्यासाठी ठेवा आणि तिथे फार्मासिस्ट बसवा. मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पट्टीला लाल चिकटपट्टी लावायची आणि त्यावर वार पूर्ण शब्दात लिहायचा. ही पट्टी वेगळ्या डबीत, रोजच्या गोळ्यांच्या डब्यात कधीच नाही. घरात एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त साठा नको.

वार निवडताना आठवडी बाजाराचा वार धरा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो चुकत नाही. फक्त त्या दिवशी उपास नाही ना, हे विचारून घ्या, कारण रिकाम्या पोटी मळमळ वाढते. फोलिक अ‍ॅसिडचे वार डॉक्टरांनी ठरवून दिलेले असतात. काहींना एकच दिवस असतो, काहींना मेथोट्रेक्सेटचा वार सोडून रोज. ते बदलू नका.

शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. पट्ट्या समोर ठेवा आणि म्हणा, “मावशी, बाजाराच्या दिवशी रात्री काय घेणार, ते ह्यातून काढून दाखवा.” चुकलं तर पुन्हा सांगा आणि पुन्हा काढायला लावा.

हाताची_घडी

30 जणींना एका दमात उभं करून हात वर-खाली करायला लावणं म्हणजे वेळ घालवणं आहे. त्याऐवजी सहा-सहाचे गट करा आणि फक्त हात घ्या. ब्रिटनमध्ये 490 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सारा’ चाचणीत हाताचे सात हालचालींचे आणि चार ताकदीचे व्यायाम होते. औषधांच्या जोडीला ते करणाऱ्यांचे हात वर्षभरानंतरही जास्त चांगले चालत होते. सगळे अकरा एका दिवसात शिकवायला जाऊ नका, तीन शिकवा: बोटं मुळाशी सरळ ठेवून फक्त पुढची पेरं वाकवणं (आकडा करणं), मग पूर्ण मूठ, मग हात टेबलावर पालथा ठेवून एकेक बोट अंगठ्याच्या दिशेनं सरकवणं. प्रत्येक पाच वेळा, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून झाल्यावर. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी ताकदीचा व्यायाम बंद, हालचाल मात्र हळूच एक-दोनदा करायची. तीही सोडली तर सांधा आखडतो.

उरलेला वेळ स्वयंपाकघराला द्या, प्रश्न तिथूनच येतील. कपड्याला पीळ घालताना बोटं करंगळीच्या बाजूला ढकलली जातात, आणि ह्या रोगात बोटं नेमकी त्याच बाजूला वाकतात. म्हणून कपडा नळाभोवती गुंडाळून दोन्ही तळव्यांनी दाबायला शिकवा. कढई एका हाताच्या चिमटीत न उचलता दोन्ही तळवे खाली लावून उचलायची. उलथन्याच्या आणि सुरीच्या मुठीला जुनं कापड गुंडाळून ती जाड केली की पकड सैल ठेवता येते. भाकरी थापू नका असं कुणाला सांगू नका, ते कुणी ऐकणार नाही. एका वेळी दोन थापा, मधे हात मोकळे करा, सुजेच्या दिवसांत घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

शिबिर_संयोजक

गोळ्यांचं टेबल नक्की ठेवतो. पण तिथेच कुणी म्हणाली की ती मेथोट्रेक्सेट रोज घेतेय, तर पुढे काय करायचं? आणि एखाद्या आठवड्याचा डोस राहिला तर?

औषधपेटी

रोज घेतलं असेल तर ती ठणठणीत दिसत असली तरी त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा, पट्टी आणि चिठ्ठी सोबत द्या. किती दिवस आणि रोज किती मिलिग्रॅम ते कागदावर लिहून द्या. तिथे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या होतात. उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन देतात. घरातल्या फोलिक अ‍ॅसिडच्या जास्त गोळ्या घेणं हा त्याला पर्याय नाही. तोंडात फोड, घसा धरून ताप, अंगावर काळेनिळे डाग ही लक्षणं उशिराची आहेत, त्यांची वाट बघायची नाही.

डोस राहिला आणि दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायचा. त्यापुढे गेलं तर सोडायचा आणि पुढच्या ठरल्या वारी नेहमीएवढाच घ्यायचा. दुप्पट कधीच नाही.

ताप आला, अँटिबायोटिक चालू झालं किंवा उलट्या-जुलाब झाले तर त्या आठवड्याचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, शरीर कोरडं पडलं की ते आत साचतं. आणि एक नाव दुकानदारांनाही सांगून ठेवा: सेप्ट्रान, बॅक्ट्रिम अशा नावांनी मिळणारं को-ट्रायमॉक्साझोल मेथोट्रेक्सेटसोबत द्यायचं नाही. लघवीच्या जळजळीवर ते सहज दिलं जातं, आणि दोन्ही मिळून रक्तपेशी घसरतात.

तपासणी_वही

फुकट आरए फॅक्टर नको, अशी कळकळीची विनंती. पुण्याजवळ भिगवणला 1996 मध्ये घरोघर पाहणी झाली, त्यात प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघालं. धडधाकट लोकांपैकी साधारण 5 टक्क्यांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो, उतारवयात त्याहून जास्त. आता तुमचे 200 जण धरा. सांधेदुखीवालेच येणार म्हणून खरे रुग्ण एकाऐवजी चार-पाच असतील, तरी उगाच पॉझिटिव्ह दहाएक निघतील आणि आयुष्यभर ‘मला आमवात आहे’ म्हणत फिरतील. उलट खऱ्या रुग्णांपैकी काहींचा निगेटिव्ह येतो आणि त्या उपचार सोडतात. हे निदान सुजलेले सांधे हाताने तपासून होतं. तुमच्या 30 जणींचं निदान तर झालेलंच आहे, त्यांचा आरए पुन्हा करून काही कळत नाही.

लॅबला खर्च करायचाच असेल तर मेथोट्रेक्सेटवाल्यांची सीबीसी, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि क्रिएटिनिन करून द्या. पहिले तीन महिने दर 2 ते 4 आठवड्यांनी, पुढचे तीन महिने 8 ते 12 आठवड्यांनी आणि नंतर दर 12 आठवड्यांनी ह्या लागतात. पैशाअभावी सगळ्यात आधी त्याच सुटतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवाल्यांना डोळ्यांचं विचारा: सुरुवातीच्या वर्षात एकदा पडद्याची तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी.

आहाराची 20 मिनिटं पाचवर आणा. आंबट, वांगं, बटाटा बंद करायची गरज नाही. डाळी तर मुळीच सोडू नका, युरिक अ‍ॅसिडचा गाउट हा वेगळा आजार आहे.

पिशव्यांमधून बिननावाच्या पुड्या निघतील. त्यात स्टेरॉइड असू शकतं. तोंड सुजलेलं, साखर वाढलेली, पुडी घेतली की दोन तासांत दुखणं गायब, अशी खूण दिसली तर संशय धरा. पण ‘आत्ताच फेकून द्या’ असं सांगू नका. तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड चालू असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, एकदम बंद केल्यावर रक्तदाब कोसळू शकतो. पुडीसकट डॉक्टरांकडे पाठवा, ते हळूहळू कमी करतील.

मूल होण्याच्या वयातल्या बायकांशी बाजूला बोला. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड (आमवाताचंच आणखी एक औषध) गर्भाला घातक आहेत. मेथोट्रेक्सेट डॉक्टरांना विचारून गर्भ राहण्याच्या साधारण 3 महिने आधी थांबवावं लागतं, आणि लेफ्लुनोमाइड शरीरातून काढायला कोलेस्टिरामिन द्यावं लागतं. पण त्यासाठी सगळीच औषधं सोडायची नाहीत, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणातही चालतात.

ज्यांची बोटं किंवा गुडघे कायमचे वाकलेत त्यांना यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आमवाताचं नाव नाही, म्हणून अर्ज अस्थिव्यंग ह्या प्रकारात करायचा. टक्केवारी रोगाच्या नावावर नाही, हालचालीवर ठरते, आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात.

डॉक्टरांकडे न्यायला प्रत्येकीला एक कागद द्या, त्यावर दोन हातांची बाह्यरेषा छापा. सुजलेल्या सांध्यावर टिंब करायचं. खाली तीन गोष्टी: किती डोस राहिले, आठवड्यात वेदनाशामक किती लागल्या, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो. ‘किती मिनिटं’ असं विचारून उत्तर येत नाही. चहा होईपर्यंत बोटं सुटतात, भांडी घासून होईपर्यंत की दुपारचा स्वयंपाक होईपर्यंत, असं विचारा. आणि त्याच कागदावर पावलांची बाह्यरेषाही छापा. डॉक्टर मोजतात त्या नेहमीच्या 28 सांध्यांत खांदे, कोपरं, मनगटं, बोटं आणि गुडघे असतात, घोटे आणि पावलं नसतात. पावलं दुखत असतील तर चप्पल काढून स्वतःहून दाखवायची.