व्ही-क्रॉसच्या कॅनोपीत दोघांना झोपायची सोय करायची आहे: फळी, गळती, वीज, आरटीओ

पंचवटी_१५

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, डबल कॅब (पुढे-मागे दोन ओळी सीट). मागच्या हौद्यावर फायबरची कॅनोपी (झाकणासारखं छप्पर) आहे, दोन्ही बाजूंना सरकत्या काचा आणि मागे वर उघडणारी काच. आत दोघांना झोपता येईल असं काम करून घ्यायचंय. मोजमाप: हौदा आतून १४८५ मिमी लांब, १५३० रुंद, मडगार्डच्या फुगवट्यांमध्ये ११००. तळापासून कॅनोपीच्या छतापर्यंत ९३०. माझी उंची पाच फूट नऊ, बायकोची पाच चार. फिरणं भंडारदरा, साल्हेर, सापुतारा आणि पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात.

नाशिकच्या अंबडमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी स्क्वेअर पाइपची १२ इंच उंच फ्रेम आणि खाली दोन मोठे ड्रॉवर सुचवलेत. वजन ८० किलोच्या आसपास म्हणतो. करावं का? गळती, रात्रीचं दवारणं (आतून छताला पाणी धरणं), पंखा-लाईटची वीज आणि आरटीओ याबद्दलही सांगा. फ्रीज नको, स्वयंपाक बाहेरच करणार.

घाटवाट_फोरबायफोर

भाऊ, ती फ्रेम करू नका. तुमच्याच मापात हिशोब बघा. १२ इंच म्हणजे साधारण ३०० मिमी, वर ७५ मिमीची गादी, छतापर्यंत उरले ५५५. तुमच्या उंचीच्या माणसाला ताठ बसायला साधारण ९०० मिमी लागतात. म्हणजे कपडे बदलणं, बूट घालणं, पाऊस लागला तर दोन तास आत काढणं, सगळं आडवं पडूनच. ड्रॉवरच्या चॅनलमध्ये धूळ गेली की ते अडकायला लागतात, आणि नेमका खालचा ड्रॉवर हवा असतो तेव्हा टेलगेटवर (हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या फळक्यावर) कुणीतरी बसलेलं असतं.

फळी तळालाच ठेवा. हौद्याच्या तळावर २० मिमी उंचीच्या पट्ट्या आडव्या टाका, मध्ये अंतर ३०० मिमी. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या किंवा सागाच्या चालतील. साधं पाइनचं लाकूड पावसाळ्यात फुगतं. त्यावर १२ मिमीची बीडब्ल्यूपी (पाण्यात न सुटणाऱ्या) ग्रेडची प्लाय, आयएस ७१० शिक्का बघून घ्या. पट्टी २०, प्लाय १२, गादी ७५ धरली तरी वर ८२३ मिमी उरतात. जरा वाकून का होईना, बसता येतं.

लांबीचा खरा प्रश्न. १४८५ मध्ये पाच फूट नऊचा माणूस सरळ मावत नाही. तिरकं झोपलं तर कर्ण सात फुटांचा आहे, पण ती सोय एकट्यापुरती. दोघांसाठी टेलगेट उघडं ठेवून त्याची सुमारे ४७० मिमी लांबी वापरायची, एकूण १९५० च्या पुढे जाते. हौदा आणि टेलगेट यांच्यात फट असते आणि दोन्ही एका पातळीत नसतात, म्हणून टेलगेटवरचा तुकडा वेगळा करून पियानो बिजागरीने (पूर्ण लांबीच्या सलग बिजागरीने) मुख्य फळीला जोडा आणि खालून रबराच्या ठोकळ्यांनी पातळी जुळवा. सकाळी तो तुकडा उलटा मुडपून आत पडतो, टेलगेट बंद होतं. डोकं केबिनकडे, पाय टेलगेटवर. टेलगेटच्या वायरी पायांचं वजन सहज घेतात, पण पूर्ण माणूस काठावर उभा करू नका.

आठ बाय चारची एकच शीट पुरते. ११०० रुंदीची १९५० लांब फळी कापली की शेवटी १२२० बाय ४९० चा तुकडा उरतो, त्यातून २१५ रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात. त्या फुगवट्यांच्या बाजूच्या खोबणींवर झाकण म्हणून बसवा, उंची फुगवट्याइतकीच. कोपर त्यावर टेकतं, त्यामुळे ११०० मध्ये दोघं दाटीने नाही झोपत. खोबणीत दोर, पाने, टॉर्च, कपडे. जड सामान प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवा आणि रात्री क्रेट मागच्या सीटवर सरकवा. सगळं मिळून त्या फ्रेमपेक्षा खूप कमी वजनात काम होतं.

हौद्याला भोकं पाडू नका. मूळ हुकांना टर्नबकल (फिरवून ताण देता येणारे आकडे) लावून फळी चार कोपऱ्यांत ताणून धरा, खाली रबर पॅड. खडबडीत रस्त्यावर हौदा आणि केबिन वेगवेगळे हलतात, त्यामुळे केबिनला जोडलेली कुठलीही कडक वस्तू नको. आणि हौद्यात प्लास्टिकचा सुटा लायनर (अस्तर) असेल तर काढून आत बघा. त्याच्याखाली पाणी आणि माती साठून पत्रा गंजतो.

गादी ४० डेन्सिटीचा फोम, तीन इंच, तीन तुकड्यांत घडी होणारी. काथ्याची नको, ओल धरते. प्लायला दर १५० मिमीवर २५ मिमीचं भोक मारून घ्या, नाहीतर गादीच्या खालच्या अंगाला सकाळी पाणी दिसेल.

अंबडवाला_वेल्डर

वरच्याशी सहमत, वजनाबाबत तर पूर्ण. आरसी बुकातलं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढीच तुमची मर्यादा. त्यातून माणसं, कॅनोपी, पाण्याचे कॅन वजा करत जा. ८० किलोची फ्रेम कुठे परवडते ते लगेच कळेल.

आता गळती. पाणी बहुतेकदा तीन जागांतून येतं: कॅनोपी आणि हौद्याच्या कडेमधली पट्टी, पुढच्या बाजूचे दोन कोपरे, आणि टेलगेटची खालची फट. पट्टीला बंद पेशींची (पाणी न शोषणारी) ईपीडीएम रबराची टेप लावा, साधी स्पंजाची पट्टी पाणी पिते. क्लॅम्प पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, टेप दबल्यावर ते ढिले पडतात. पण जोर लावू नका, फायबरची कड चिरते. सीलंट घेताना व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढवतं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या. हौद्याच्या तळाची निचऱ्याची भोकं मात्र चुकूनही बुजवू नका.

तपासायची रीत अशी. एकजण आत टॉर्च आणि खडू घेऊन बसतो, दुसरा बाहेरून साध्या नळीने पाणी सोडतो. आधी टेलगेट, मग कडेची पट्टी, मग काचा, शेवटी छप्पर, प्रत्येक जागी दहा मिनिटं. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे फिरतो आणि भोक सापडत नाही. पहिला थेंब दिसला की तिथे खडूची खूण. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन यासाठी नको, तो पावसाला न जमणाऱ्या जागीही पाणी घुसवतो.

धुळीचं कारण वेगळं. गाडी पळताना मागे हवेचा दाब कमी होतो, आणि टेलगेटच्या फटीतून धुरळा आत ओढला जातो. नुसती बीडिंग (कडेची रबरी पट्टी) पुरत नाही. टेलगेटच्या बिजागरीच्या बाजूला रबराची आडवी पट्टी लावा आणि कॅनोपीच्या छतावर पुढे तोंड असलेला जाळीचा छोटा व्हेंट बसवा. गाडी चालताना आतला दाब थोडा वाढला की धूळ बाहेरच राहते. पावसात तो बंद करता आला पाहिजे.

दवारण्याबद्दल. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर पडतं. डिसेंबर-जानेवारीत निफाड-सिन्नरकडच्या थंडीत ते छताला चिकटून टपकतं. छताला आतून बंद पेशींची नायट्राईल रबर शीट चिकटवा, एसीच्या डक्टला वापरतात तीच, १० ते १३ मिमी जाडीची. नुसतं कापडी कार्पेट चिकटवलं तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरेल. शीट कितीही चांगली असली तरी दोन्ही बाजूंच्या काचा इंचभर उघड्या ठेवायच्याच, जाळी लावून. वर पावसाची पट्टी बसवा, म्हणजे सरीतही उघड्या राहतील.

बारा_व्होल्ट

फ्रीज नाही म्हणता, मग १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीच्या भानगडीत पडू नका. १२० मिमीचे दोन पंखे, प्रत्येकी ०.२५ अँपिअर, नऊ तास: ४.५ एएच. सहा वॅटची एलईडी पट्टी चार तास: २ एएच. दोन मोबाईल: ३ एएच. रात्रीला दहा एएच, दोन रात्रींना वीस. १२.८ व्होल्टची ३० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरून उरते आणि तीन-चार किलोत भागतं. एक पंखा आत हवा ओढणारा, दुसरा समोरच्या बाजूला बाहेर फेकणारा. दोन्ही एकाच दिशेचे लावले तर हवा फिरत नाही.

गाडीच्या बॅटरीवरून थेट समांतर जोडू नका. १० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवरून दुसरी बॅटरी योग्य व्होल्टने भरणारा) मध्ये टाका. इंजिन खोलीपासून हौद्यापर्यंत सहा मीटर धरले तर ६ चौरस मिमीच्या तारेत साधारण ०.४५ व्होल्टची घट येते, चार्जर ती सांभाळतो. २.५ ची तार टाकली तर घट एक व्होल्टच्या पुढे जाते आणि तार गरमही होते. २० अँपिअरचा फ्यूज गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलजवळ, वीतभराच्या आत. तारेला नालीदार पाइप घाला आणि सायलेन्सरपासून लांब न्या. चॅसीच्या कडेवर घासून इन्सुलेशन गेलं आणि फ्यूज लांब असेल तर आग तिथेच लागते. लहान बॅटरी केबिनच्या बाजूला खाली बसवा. एप्रिलमध्ये बंद कॅनोपीचं छत फार तापतं.

रात्री इंजिन चालू ठेवून झोपणं नाही, आत शेगडी किंवा कोळसा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पंचवटी_१५

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रेम रद्द. दोन गोष्टी राहिल्या. टेलगेट उघडं म्हणजे पायाकडून पाऊस आणि जनावर, त्याचं काय? आणि आरटीओ?

घाटवाट_फोरबायफोर

मागची काच वर उचलली की तेच छप्पर. तिच्या कडेपासून टेलगेटपर्यंत तीन बाजूंनी पीव्हीसी कोटेड कापडाचा पडदा शिवून घ्या, बाजूंना चेन आणि आतून मच्छरदाणीची जाळी. कापड टेलगेटच्या काठावरून खाली चार इंच लोंबलं पाहिजे, काठाच्या आत संपलं तर पाणी गादीत उतरतं. काचेचे गॅसचे दांडे वाऱ्यात दबतात, म्हणून एक ॲल्युमिनियमची आधारकाठी बरोबर ठेवा. घाटात पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा गाडीचं तोंड तिकडे करून लावा, पडद्यावर मारा कमी होतो. डोक्याकडची बाजू किंचित उंच हवी, पाणीही मागे वाहतं.

जनावराचं म्हणाल तर निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतोच. उसाला लागून गाडी लावू नका, खरकटं आणि कुत्रं रात्री बाहेर ठेवू नका. शेतात थांबायचं तर मालकाला विचारून, वस्तीजवळ. भंडारदऱ्याला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नको. टेलगेट बंद करून झोपायचं असेल त्या रात्री दोघांनी गुडघे मुडपावे लागतील, दुसरा उपाय नाही.

अंबडवाला_वेल्डर

आरटीओचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या तपशिलापेक्षा गाडीत मूलभूत बदल करता येत नाही. म्हणून वेल्डिंग, चॅसीला हात लावणं, सीट काढणं यातलं काही नको. टर्नबकलने धरलेली फळी हे सुटं सामान, दहा मिनिटांत निघतं. कॅनोपीबाबत मात्र बिल आणि फोटो घेऊन नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत एकदा विचारून या, आणि विमा कंपनीला लेखी कळवून ती पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून चढवून घ्या. क्लेमच्या वेळी तोच कागद विचारतात. कॅनोपीमुळे नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, तेही बघा. पडदा शिवायला टाकाल तेव्हा टेलगेट उघडून माप द्या, बंद टेलगेटवर घेतलेलं माप कमी पडतं.