कॅम्परमध्ये प्लग बसवायला अर्धा तास? कोणी सांगितलं?

म्हापसेकर_ट्रॅव्हलर

परवा इथे एकाने टाकलं होतं की टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्यासाठी बनवून घेतलेल्या गाडीत, घरच्या वायरमनला बोलावून अर्ध्या तासात सोळा अँपिअरचे दोन प्लग काढून घेतले, एक आत ओट्यापाशी, एक बाहेर दाराजवळ, खर्च दीड हजार, आणि वर "लोक उगाच घाबरवतात, घरात बसतो तसाच बसतो". खाली अंगठ्यांची रांग. ते वाचल्यापासून डोकं शांत नाही म्हणून लिहितोय, लांब होईल, पण वाचा.

घर जमिनीवर उभं असतं. गाडी रबराच्या टायरवर उभी असते आणि वरून सगळी पत्र्याची. आत कुठे फेज पत्र्याला टेकली तर अख्खी बॉडी फेज होते आणि तशीच राहते. काही उडत नाही, काही जळत नाही, कारण करंटला खाली उतरायला वाटच नाही. ती वाट बनतो तो बाहेर ओल्या मातीत उभं राहून दाराच्या कडीला हात लावणारा माणूस.

गेल्या वर्षी चवथीला गाडी सत्तरीतल्या मूळ घरी नेली. अंगणात लावली, ओसरीतून एक्स्टेन्शन ओढलं. घर जुनं, दोन तारांचं वायरिंग, प्लगला तिसरं भोक आहे पण मागे अर्थची तारच नाही, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं. पाऊस नुकताच थांबला होता. भाचा अनवाणी धावत आला, कडी धरली आणि किंचाळला. नशिबाने हात झटकला गेला. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी अर्धी बांधून तशीच राहिली, सगळे त्याला घेऊन ओसरीवर बसले. मी मेन काढून ओट्यापाशी असलेल्या प्लगचा बॉक्स उघडला. बॉक्स धरणाऱ्या स्क्रूचं टोक मागच्या लाल वायरला घासत होतं, प्लास्टिक सोलून आत तांदळाएवढं तांबं चकचकत होतं. म्हापशापासून वाळपईपर्यंतच्या धक्क्यांत ते झालं असणार. तो प्लगही एका घरच्या वायरमननेच बसवला होता, तासाभरात.

म्हणून माझं म्हणणं, प्लग सगळ्यात शेवटी. आधी बाहेरची केबल गाडीत शिरते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच. मग अर्थची हिरवी वायर चॅसीच्या बोल्टला, रंग खरवडून, लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावून. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, वायर कडेला घासू नये म्हणून. आणि घरची एकतारी वायर गाडीत नको, ती धक्क्यांनी तुटते. एवढं झाल्यावर प्लग.

फोंड्याचा_वायरमन

बाब, भाच्याचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही सगळ्या वायरमनांना एका दोरीत बांधलंत ते बरोबर नाही. बावीस वर्षं हेच काम करतोय. पहिलं सांगा, एकतारी वायर तुम्ही कुठे बघितलीत? आज दुकानात अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरची कॉइल मागा, सोलून बघा, बारीक तारांचा गुच्छ निघेल. एकतारी आमच्या वडिलांच्या वेळची. हे अमेरिकेचे व्हिडिओ बघून येतं, तिकडे घरात एकतारी असते म्हणून ते लोक गाडीत नको म्हणतात, आणि आपण इथे तेच पाठ म्हणतो.

दुसरं, आरसीसीबी लावा म्हणून सांगितलं की गिऱ्हाईक किंमत विचारतं आणि म्हणतं "राहू दे, नुसता प्लग काढ". लावला तरी जून उजाडला की फोन सुरू, सारखा ट्रिप होतो, बायपास कर. मी करत नाही. दुसरा कोणीतरी करतो. मग नाव कोणाचं खराब होतं?

म्हापसेकर_ट्रॅव्हलर

वायरीबद्दल तुमचं बरोबर, मी वाचलेलं लिहिलं, कॉइल सोलून बघितली नव्हती. पण गुच्छवाली वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबली तरी तेच होतं, धक्क्यांनी स्क्रू ढिला, दोन तारा बाहेर, सांधा गरम. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून बघतोय, त्या रस्त्याने एकदा पनवेलहून पत्रादेवीपर्यंत गाडी आणा आणि मग प्लगचे स्क्रू तपासा, माझ्या चारपैकी तीन फिरले होते. टोकाला लग दाबलाच पाहिजे.

आणि पावसात आरसीसीबी पडतो तो बिघडलेला म्हणून नाही पडत. इनलेटमध्ये, म्हणजे बाहेरची केबल जोडतो तिथे, पाणी शिरलंय हे सांगायला पडतो. तो असता तर भाच्याला झटका लागला असता, पण त्या क्षणी सप्लाय तुटला असता.

मोरजी_दर्यादेग

एक विचारू? बाहेरच्या बाजूला प्लग हवाच कशाला? मला ठाऊक आहे कशाला. आमच्या वाड्यात नोव्हेंबर लागला की बघतो. गाडी माडांत घुसवायची, बाहेरच्या प्लगला लायटिंगच्या माळा, स्पीकर आणि आता नवीन इंडक्शन. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, मांद्रे, आगोंद, गालजीबागलाही. पिल्लं रात्री वाळूतून निघतात आणि उजेडाकडे जातात, कारण अंधारात दर्याच उजळ दिसतो. तुमची माळ दर्यापेक्षा उजळ असते.

पुणे_ते_पाळोळे

झालं, आता प्लगवरून कासवांवर. ताई, सगळे कॅम्परवाले सारखे नसतात. आम्ही कचरा पिशवीत भरून नेतो, दंगा करत नाही, तुमच्याच गावात भाजी मासे घेतो. इंडक्शनला धूर नाही, जाळ नाही, गॅस नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो आणि तिथेच लोकांनी सिलिंडरशेजारी प्लग ठोकलेले असतात, एक ठिणगी पुरते. त्यापेक्षा बाहेर इंडक्शन शंभर पटीने बरं. बीच कोणाच्या बापाचा नाही.

मोरजी_दर्यादेग

बापाचा नाही हे खरं. म्हणूनच २०१९ पासून बीचवर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला बंदी आहे, तेव्हा दंड एकट्याला दोन हजार आणि घोळक्याला दहा हजार ठेवला होता. त्यात धूर येतो की नाही असं विचारलेलं नाही.

आणि मी बघितलंय ते सांगते. फेब्रुवारीत पहाटे चारला भाऊ उठवायला आला. वाळूत बारीक बारीक ओळी, जणू कोणी कंगवा फिरवलाय, आणि सगळ्या दर्याकडे पाठ करून माडांकडे गेलेल्या. तिथे एक व्हॅन, दाराला पिवळी माळ, आतली माणसं गाढ झोपलेली. टायरखालून, बाटलीच्या खोक्यामागून, गटाराच्या कडेने पिल्लं गोळा केली, बादलीत घालून पाण्यापाशी सोडली. सतरा मिळाली. किती हरवली ते कळायला मार्ग नव्हता. त्या माणसांना उठवलं तर बिचारी रडायला आली, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला राग त्यांचा नाही. प्लग बाहेर काढून देणाऱ्याला आणि "मस्त आयडिया" म्हणणाऱ्यांना आहे.

पुणे_ते_पाळोळे

हे माहीत नव्हतं. माळ मी पण लावतो, आगोंदला लावली होती गेल्या वर्षी. यापुढे नाही. पण तुमच्या बोलण्यात "बाहेरचे" हा शब्द नसला तरी ऐकू येतो, तो मला लागला, तेवढं सांगतो. गोव्याच्या नंबरच्या गाड्यांना पण माळा असतात.

मोरजी_दर्यादेग

असतात. त्यांच्याशी माझं जास्त भांडण होतं, घरातलेच आहेत.

फोंड्याचा_वायरमन

इंडक्शनचा विषय निघालाच तर ऐका. दोन हजार वॅटचं इंडक्शन घरच्या प्लगवर नऊ अँपिअरच्या आत खातं, काही नाही. तेच इन्व्हर्टरवरून, बारा व्होल्टच्या बॅटरीतून चालवायला गेलात तर बॅटरीच्या वायरीतून पावणेदोनशे अँपिअर ओढले जातात. परवा एकाच्या गाडीत बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत नुसती सहा चौरस मिलिमीटरची वायर, फ्यूज नाही, वायरीवर बोट ठेववत नव्हतं. प्लग सोळाचा आहे म्हणून मागे सोळा मिळतील असं नाही, पात्रांव. आणि त्या फ्यूजची जागा बॅटरीला चिकटून, लांब लावला तर मधली वायर उघडीच.

किनाऱ्यावर राहणाऱ्या गाड्यांचं आणखी एक. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं, तो गंज लगच्या आत शिरतो. मालीम जेटीवर ट्रॉलरचं काम करणाऱ्याला विचारा, ते कथील चढवलेली वायर वापरतात. महाग पडते. पण सांधा दर वर्षी नव्याने करायला लागत नाही.

बांदेकर_चारचाकी

मूळ पोस्ट माझी. तीन दिवस शिव्या वाचतोय. माझी गाडी, माझा पैसा, सहा महिने काही झालेलं नाही, आणि कोणाच्या भाच्याच्या गोष्टीवरून मी चुकलो असं होत नाही. घाबरवायचंच असेल तर प्रत्येक गोष्टीला घाबरवता येतं.

तरी काल संध्याकाळी बायको मागे लागली म्हणून बाहेरचा प्लग उघडला. मागे पाण्याचे ओघळ वाळलेले, अर्थच्या पिनेला हिरवी वायर जोडलेली आहे पण दुसरं टोक कुठेच नाही, प्लायच्या मागे नुसतं लटकतंय. आतला अजून उघडलेला नाही. दोन्ही बंद ठेवलेत. एवढंच.

म्हापसेकर_ट्रॅव्हलर

भाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझी हिरवी वायर पण अशीच लटकत होती. आतला उघडताना केबल बाहेरून काढून ठेवा आणि इन्व्हर्टर पण बंद करा, एक बंद करून दुसरा विसरतो माणूस.

फोंड्याचा_वायरमन

आणि आरसीसीबी लावल्यावर टेस्ट बटण दाबून खूष होऊ नका. ते बटण अर्थ नसला तरी काम करतं. छोट्या इन्व्हर्टरची आउटपुट बऱ्याचदा बॉडीला किंवा अर्थला कशालाच जोडलेली नसते, तेव्हा इन्व्हर्टरवर असताना फेज बॉडीला टेकली तरी आरसीसीबी पडणार नाही. न्यूट्रल बॉडीला जोडायचा की नाही ते त्या इन्व्हर्टरवर आहे, काहींत जोडला तर इन्व्हर्टरच जळतो. आणि जोडला तर बाहेरची केबल लावताना तो जोड सुटला पाहिजे, म्हणजे चेंजओव्हर (बाहेरची केबल की इन्व्हर्टर ते बदलणारा स्विच) फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तोडणारा हवा.

म्हापसेकर_ट्रॅव्हलर

हे मी केलेलं नाही. माझा चेंजओव्हर फक्त फेज तोडतो.

फोंड्याचा_वायरमन

मग बाब, तुमचं पण काम अर्धंच आहे. रविवारी फोंड्याला या दोघं पण, बांदेकरांना घेऊन. इन्व्हर्टरचं पुस्तक बरोबर आणा, मॉडेल बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. बाहेरचा प्लग मी बंदच करून देणार, हे आधीच सांगतो.

बांदेकर_चारचाकी

बाहेरच्याचं तिथे आल्यावर बोलू. किती वाजता?