मदत हवी आहे: चौथीतली लेक वर्गात कंटाळते, मनपा शाळेतच काही करता येईल का?

मंडळी, आम्ही कोल्हापूरचे, लेक मनपाच्या मराठी शाळेत चौथीला आहे. बाई जीव लावून शिकवतात, तक्रार अजिबात नाही. पण बाकीच्यांची फळ्यावरची गणितं उतरवून होईस्तोवर हिची सोडवून झालेली असतात, मग शेजारणीच्या खोड्या नाहीतर खिडकीतून केएमटीच्या बस मोजत बसायचं. म्हणून बाईंनी हिला बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवलं. आधी लई मिरवली, आता म्हणते नको, पोरी बोलत नाहीत माझ्याशी.

परवा वहीचं मागचं पान बघितलं तर 11 गुणिले 11 बरोबर 121, 111 गुणिले 111 बरोबर 12321, असं करत पार 1234321 पर्यंत गेलीय, सगळं एकाखाली एक मांडून. कुणी सांगितलेलं नाही. वर मलाच विचारते, आई हे कायम असंच चालणार का कुठंतरी मोडणार? मी कॉमर्सवाली, काय सांगणार कपाळ!

सासरे म्हणतात इंग्लिश मिडीयमला टाका. शेजारचे काका म्हणतात आत्तापासून नवोदयचा, म्हणजे त्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावा, कागलला नंबर लागला की सुटलीस. नवोदयला दोन तासात 80 प्रश्न, त्यातले 40 बुद्धिमत्तेचे, आणि स्कॉलरशिप पण सगळी पर्याय निवडायचीच. देईल की ती परीक्षा, आपल्याकडं स्कॉलरशिपचं वेड काय नवीन नाही, पण वर्षभर नुसते गोल काळे करून हे मागच्या पानावरचं टिकेल का? पुण्याला हुशार पोरांसाठी ज्ञानप्रबोधिनी शाळा आहे म्हणे, पण आम्ही काय पुण्याला जाऊन राहणार नाही.

तर त्याच वर्गात, बाईंचं काम न वाढवता काय करता येईल आणि बाईंना वाईट न वाटता हे कसं सांगू? कुणी शिक्षक असतील तर सांगा की.

प्रतिसाद 1
ताई, मी झेडपीचा मास्तर, माझ्याकडं दोन वर्ग एकत्र आहेत. हुशार पोराला जास्तीची दहा गणितं दिली की ती शिक्षाच वाटते, लवकर संपवल्याची. त्यापेक्षा उलटं द्यायचं: उत्तर 48 आलं पाहिजे, गणित तू तयार कर, तीन वेगवेगळ्या प्रकारांनी. वर्गात गुणाकार चालू असेल तर हिचाही गुणाकारच, बाईंना वेगळी तयारी लागत नाही. तपासणीचं काम तेवढं थांबवा म्हणावं. आणि ते मागचं पान बाईंनाच दाखवा, तक्रारीचा सूर आपोआप जातो. तिच्या प्रश्नाचं म्हणाल तर मोडतं, पण सांगू नका. नऊ एकांपर्यंत मधल्या बेरजेत हातचा येत नाही, दहा एक घेतले की येतो. फक्त विचारा, हातचा कधी येईल गं?

प्रतिसाद 2
सरांशी सहमत. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण भाग पालकच असतात, कायद्यानंच. तिथं एवढंच मागा की सहावी-सातवीची पुस्तकं चौथीच्या पोरांना पण हाताळू द्या. खर्च काही नाही, त्यामुळं कुणी नाही म्हणणार नाही.